उंबरठ्यावरची दोन बोटं

मी, सुकदेव निंबा बोरसे, वय पंचाहत्तर, निवृत्त प्राध्यापक (तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान), राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात ‘आनंदाने व राजीखुशीने’ असं होतं. ते मी काढलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी नशापाणी केलेलं नाही, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. रुची ओस्तवाल यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला रक्तदाब आहे आणि उजव्या डोळ्याने कमी दिसतं. बाकी जे आहे ते वयाचं आहे.

माझी पत्नी कुंदाबाई दिनांक १९ नोव्हेंबर २०१८ रोजी जळगाव येथे दवाखान्यात वारली. मला अपत्य नाही. हे वाक्य कायद्याला लागतं म्हणून इथे लिहिलं. त्याबद्दल पुढे कलम पाचमध्ये सविस्तर आहे, आणि हा सगळा खटाटोप त्या एका कलमासाठी आहे. बाकी माझ्याजवळ देण्यासारखं फारसं काही नाही.

कलम १. पुस्तकं.

सुमारे सहाशे आहेत. ज्या कॉलेजात तेहतीस वर्षं शिकवलं, त्यांना विचारलं तर जागा नाही म्हणाले. ठीक आहे. रद्दीवाल्याला बोलवावं आणि भावाची घासाघीस करू नये, तो बिचारा उन्हातान्हात हातगाडी ओढत येतो. माझ्या टिपणांच्या वह्या मात्र जाळाव्यात. त्यांत मी आयुष्यभर एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सिद्ध केली आहे. ती अशी की, जन्माला येणं हा तोट्याचा प्रकार आहे; जो जन्मलाच नाही त्याचं काहीही बुडत नाही; आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्या वतीने त्याला या जगात ओढून आणण्याचा हक्क कोणाला नाही.

मुलं मला माघारी ‘स्मशान सर’ म्हणायची. मला माहीत होतं. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

हे मत मला पुस्तकातून आलं असं लोक समजतात. तसं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर होती, मीही तिच्या शेजारी बसून फोडत होतो. वैशाखात भर दुपारी ती हातोडी हातात असतानाच आडवी झाली, ती उठलीच नाही. मुकादमाने तिच्या नावापुढे अर्धा दिवस मांडला. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि तिथेच ठरवलं की आपल्यामुळे आणखी एक जीव या उन्हात यायचा नाही. पुस्तकं नंतर वाचली. त्यांत माझंच म्हणणं सापडलं, एवढंच. आजही ते मत मी बदललेलं नाही. म्हातारपणी सर देवाला लागले, असं कोणी गावभर करू नये.

कलम २. शेत.

पारोळा रस्त्यावरच्या आमच्या गावी वडिलोपार्जित कोरडवाहू जमिनीत माझा हिस्सा दोन एकर आहे. तो माझे थोरले बंधू रुपचंद यांचा मुलगा नीलेश यास द्यावा. अट एक. माझ्या गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा सुटण्याच्या दिवशी सगळी भाऊबंदकी जमली असताना नीलेशने उभं राहून कलम पाच मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं वाचावं. ते वाचताना त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी बेबाबाई, समोर बसलेल्या असाव्यात. त्या उठून गेल्या तर त्या परत येईपर्यंत थांबावं. जेवणं नंतर वाढावीत. वाचलं नाही तर ती जमीन गावाच्या गुरांना चरायला सोडावी.

नीलेश, तुला हे जड जाईल. तू धुळ्याला शिकायला तीन वर्षं आमच्याकडे होतास. तुझे कपडे काकूने धुतले, परीक्षेच्या दिवसांत तुझ्यासाठी ती पहाटे चारला उठायची. आणि तुझ्या बारशाला याच काकूला तुझ्या पाळण्यापासून उठवलं होतं. तुझी आई म्हणाली होती, “कुंदा, तू नको हात लावू. वाईट वाटून घेऊ नको, पण पहिलं पोरगं आहे.” कुंदा उठली आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली. मी ओसरीवर पुरुषांत बसलो होतो. मी ऐकलं होतं.

वहिनी, तुमच्यावर माझा राग चाळीस वर्षं आहे. पण तुम्ही अजाणता बोललात. मी जाणता गप्प बसलो. म्हणून रागाच्या यादीत तुमचा नंबर दुसरा.

कलम ३. घर.

देवपूरचं हे घर, तळमजला, तीन खोल्या, पुढे कडुनिंब, माझ्या पत्नीच्या बहिणीची मुलगी नूतन हिला द्यावं. बँकेत जे उरेल तेही तिलाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे. ती जळगावला शाळेत शिकवते आणि मुलांवर ओरडत नाही, असं ऐकतो.

नूतनलाच का, हेही लिहितो, नाहीतर नातेवाईक काहीबाही बोलतील. दोन हजार तीन साली ती आमच्याकडे राहून शिकत होती. दुसऱ्या वर्षाला नापास झाली. आणखीही काही झालं होतं, ते तिचं तिला माहीत. चार दिवस नीट जेवली नव्हती. एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही वर्गात सांगता ते खरं असेल तर मग जगायचं कशाला?”

मी खुर्ची सरकवून घेतली आणि तिला समजावू लागलो. जन्म न होणं निराळं आणि झालेलं जगणं संपवणं निराळं, दोन्हींची तर्कदृष्ट्या गल्लत करू नये, वगैरे. चांगली वीस मिनिटं बोललो. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

कुंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. म्हणाली, “नूतन, उद्या बिबडे करायचे आहेत. ज्वारीचं पीठ भिजत पडलंय सहा दिवस, आता थांबता येत नाही. शिजवताना हाटायला दुसरं माणूस लागतं. पहाटे पाचला उठशील ना?”

नूतनने विचारलं, “मीच?”

“मग कोण? तुझे काका?”

पहाटे पाचला ती उठली. मोठ्या पातेल्यात तास-दीड तास दोघी आळीपाळीने ते पीठ लाकडी दांड्याने हाटत होत्या, हात भरून आले की बदली. मग गच्चीवर धोतरं पसरून पापडासारखे बिबडे टाकले. दुसऱ्या दिवशी ते उलटायचे होते. तिसऱ्या दिवशी शेवयांचं काम काढलं. असा उन्हाळा गेला. मी कुंदाला म्हटलं, तू तिच्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाहीस. ती म्हणाली, “तिनं कुठं विचारलं होतं? ती सांगत होती.”

तर घर नूतनला. तिला विकायचं असेल तर विकावं, मला त्यात काही वाटणार नाही. फक्त पुढच्या दाराचा उंबरठा विकू नये. तो सागवानी आहे, सुतार बोलावून अखंड काढावा आणि ती राहील तिथे बसवावा. जागा नसेल तर भिंतीला टेकवून ठेवावा.

कलम ४. किरकोळ.

स्कूटर शेजारच्या सोहनलालजींच्या किराणा दुकानातल्या हमालांपैकी ज्याला चालवता येईल त्याने न्यावी. ब्रेक करून घ्यावेत. बिबड्यांचं पातेलं आणि लाकडी हाट्या नूतनने न्यावा. आरामखुर्ची कोणालाही देऊ नये, मोडावी. तिच्यात बसून मी फार बोललो आहे.

कलम ५. माझ्या पत्नीविषयी.

(नीलेश, इथून सुरू कर. घाई करू नको.)

आमचं लग्न मे १९७८ मध्ये झालं. कुंदा वीस वर्षांची होती. माझी मतं मी तिला सांगितली नाहीत. तिला कळणार नाहीत, असं मी गृहीत धरलं. डिसेंबर १९७९ मध्ये विद्यापीठाचे पेपर तपासायला जातो, असं खोटं सांगून मी चाळीसगावला गेलो आणि तिथल्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरात नसबंदी करून घेतली.

मूलबाळ नसलेल्या माणसाची शस्त्रक्रिया ते करत नसत. हे मला माहीत होतं. मांडवात टेबल टाकून कारकून बसला होता. त्याने विचारलं, राहणार? मी म्हटलं, स्टेशन रोड, चाळीसगाव. जिवंत अपत्यं? मी म्हटलं, दोन. नावं? ही तयारी मी केली नव्हती. मागे रांग होती आणि तो पेन धरून माझ्याकडे बघत होता. कुंदाचं नाव तोंडात होतं, त्यातूनच सुचलं ते बोललो. कुंदन. वय? चार. दुसरं? कामिनी. वय दोन. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, “वा, जोडी झाली.”

प्रमाणपत्रावर ती नावं आली. तो कागद तिथेच फाडायला हवा होता. पण जन्म मास्तरकीत गेलेला माणूस, सरकारी शिक्क्याचा कागद फाडवत नाही. ट्रंकेत तळाशी, माझ्या पदवीच्या कागदांत ठेवला.

त्यानंतर नऊ वर्षं कुंदाने काय काय केलं ते भाऊबंदकीला माहीत आहे, पण पुन्हा ऐका. तिने सोमवार धरले. एकवीरादेवीला अनवाणी गेली, मुक्ताईनगरला गेली, देवीच्या गडावर गेली. कोणी सांगितलेलं कडू औषध सहा महिने घेतलं, त्याने तिचे केस गळले. १९८३ आणि १९८५ मध्ये नाशिकला नेऊन तिची पिशवी दोनदा साफ केली. डॉक्टरांनी मलाही तपासायचं म्हटलं होतं. मी म्हटलं, माझं झालंय, सगळं ठीक आहे. त्या काळी पुरुषाच्या तोंडी शब्दावर भागायचं. दोन्ही वेळा संमतीपत्रावर ‘पतीची सही’ या जागी मी सही केली. मी, ज्याने वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं की दुसऱ्याच्या वतीने संमती देणं हे सर्वांत मोठं पाप आहे. जे जन्मले नव्हते त्यांना विचारता येत नाही म्हणून मी एवढा कळवळलो, आणि जी शेजारी झोपत होती तिला विचारता येत असून विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी ती शुद्धीवर येताना ओरडली. बाहेर बाकावर बसून मी तो आवाज ऐकला. तेव्हा उठून आत जाऊन सांगता आलं असतं. मी चहा प्यायला गेलो.

गावाने तिला वांझ म्हटलं. ओटी भरायला तिला कोणी बोलावलं नाही. डोहाळजेवणात तिला मागे बसवलं. ती वांझ नव्हती. ऐका सगळ्यांनी, ती वांझ नव्हती. दोष माझा होता, आणि तो दोष निसर्गाचाही नव्हता, मी जाऊन करून घेतलेला होता.

१९८८ साली आम्ही या घरात राहायला आलो. त्या वर्षी कुंदाने सोमवार सोडले, देव-देव थांबवलं. मला वाटलं, माझ्या विचारांचा परिणाम झाला. वर्गात मी नाव न घेता तिचं उदाहरणसुद्धा दिलं. घर बांधताना तिने एकच हट्ट केला होता, उंबरठा लाकडाचा पाहिजे. मी म्हटलं फरशीचा चालेल, ती म्हणाली, कुंकू लाकडावर टिकतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे बायका सकाळी उंबरठा धुतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत एकेकाचं कुंकवाचं बोट ओढतात. आमच्या घरात नावं तीन होती. आजी, आई, आणि वडील निंबा आबा. १९८९ च्या आखाजीला मी पेपर वाचत दारात बसलो होतो. तिने तीन नावं घेतली आणि पाच बोटं ओढली. मी माझ्या सवयीने म्हटलं, “नावं तीन, बोटं पाच. कसं?”

ती म्हणाली, “चुकून उठली.”

पुढच्या वर्षीही पाचच उठली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी पुन्हा विचारलं नाही. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने एकोणतीस वर्षं दर आखाजीला तो उंबरठा ओलांडला आणि पाचातून तीन वजा केले नाहीत. तिच्या भाबडेपणात पडायचं नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. मी घाबरलो होतो.

२०१८ च्या दिवाळीनंतर जळगावला दवाखान्यात डॉक्टरांनी आता काही दिवस, असं सांगितलं. दुपारची वेळ होती. मी तिला मोसंबीची फोड देत होतो. ती एकदम आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, “माले बठ्ठं माहीत शे.” म्हणजे, मला सगळं माहीत आहे.

मी म्हटलं, “काय?”

“कुंदन अन् कामिनी.”

ती थांबत थांबत बोलली, मी तिचेच शब्द लिहितो. “घर बदलताना ट्रंक आवरली. कागद सापडला. पहिले वाटलं, तुमची दुसरी बायको आहे. पोरं आहेत. तुम्ही कॉलेजात असताना बसने चाळीसगावला गेले. स्टेशन रोडच्या तीन गल्ल्या फिरले. कुंदन-कामिनी कोणाची, बोरसे सरांची, म्हणून विचारत. कोणीच नव्हतं. एका बाईनं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तिथं बसून कागद पुन्हा वाचला, तेव्हा कळलं.”

मग म्हणाली, “दुसरी बायको निघाली असती तर बरं झालं असतं. कुठंतरी पोरं तर असती.”

मी विचारलं, बोलली का नाहीस? तीस वर्षं?

“बोलून काय? तुम्ही समजावून सांगितलं असतं.”

मी म्हटलं, “कुंदा, मला माफ कर.”

ती म्हणाली, “नाही.” मग पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं. मी अजून तिथेच बसलो होतो, म्हणून म्हणाली, “ती दोन बोटं त्यांची. तुम्ही नावं ठेवली होती ना. ठेवलेली नावं टाकता येत नाहीत.” चौथ्या दिवशी ती गेली.

हे सगळं मी तिच्या तेराव्याला सांगायला हवं होतं. तेव्हाही मी उभा राहिलो आणि मृत्यू अटळ आहे यावर दहा मिनिटं बोललो. लोकांनी छान बोललात म्हटलं. म्हणून आता दुसऱ्याच्या तोंडून बोलतो आहे. भेकडच आहे मी.

(नीलेश, एवढंच. बस खाली. पाणी पी.)

कलम ६. आखाजी.

माझा पिंड, माझ्या नावाची पाण्याची घागर, काहीही करू नये. उंबरठ्यावर माझं बोट ओढू नये. मला कोणी बोलावू नये, मी कुठेही असणार नाही.

नूतनने मात्र आखाजीला तो उंबरठा धुवावा आणि सहा बोटं ओढावीत. आजी, आई, निंबा आबा, कुंदाबाई, कुंदन, कामिनी. शेवटची दोन नावं मोठ्याने घ्यावीत. कुंदाने ती कधी मोठ्याने घेतली नाहीत, कारण घरात मी असायचो. नूतन, तुला हे पटत नसेल तरी कर. मलाही पटत नाही. न जन्मलेल्याला बोट ओढण्यात काही अर्थ नाही, हे मी आजही अर्ध्या तासात सिद्ध करून दाखवीन. ती गेल्यापासून सात आखाज्या झाल्या, सातही वेळा मी सहा बोटं ओढली. गुडघे दुखतात, उठताना दाराची चौकट धरावी लागते. आदल्या दिवशीपासून मला दुसरं काही सुचत नाही. वर्षातला तेवढा एक दिवस मी वाट बघतो. हे काय आहे मला सांगता येत नाही, आणि सांगायचा प्रयत्न मी करणार नाही.

आज आखाजी आहे. साक्षीदार म्हणून सही करायला शेजारचे सोहनलाल ओस्तवाल यांना सकाळी नऊला बोलावलं होतं. ते लवकर आले. मी उंबरठ्याशी बसलो होतो, आणि आज पहिल्यांदाच शेवटची दोन नावं तोंडातून बाहेर आली. ते बाहेर चपला काढून उभे होते, आत येता येईना. त्यांनी छत्तीस वर्षं हे घर पाहिलं आहे. म्हणाले, “सर, कुंदन-कामिनी कोण?”

मी म्हटलं, “आमची मुलं.”

बोटं ओली होती म्हणून ते पाय उंच टाकून आत आले, आणि सही कुठे करू म्हणाले. त्यांची सही मी मुद्दाम याच ठिकाणी घेतो आहे. माझं वाक्य त्यांनी ऐकलं, एवढ्यापुरतीही ती साक्ष धरावी.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वर लिहिलेलं सर्व वाचून, समजून, डाव्या डोळ्याने पुन्हा एकदा तपासून सही करत आहे. चाळीसगावचा तो कागद सोबत जोडला आहे. तो फाडू नये.

सही : सुकदेव निंबा बोरसे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली आणि ज्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या :

१) सोहनलाल ओस्तवाल, किराणा व्यापारी, देवपूर, धुळे
(यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं आहे : ‘दोन्ही नावं ऐकली.’)

२) डॉ. रुची ओस्तवाल, देवपूर, धुळे

स्थळ : राहतं घर, पुढची खोली, देवपूर, धुळे
दिनांक : ३० एप्रिल २०२५, आखाजी